'चक्र' : उसनी नौका, कमावलेली विद्या



४ एप्रिल २०१२ रोजी विशाखापट्टणमच्या नौदल तळावर तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या उपस्थितीत एक काळीशार, अजस्र पाणबुडी विधिवत भारतीय नौदलात दाखल झाली. तिचे नाव 'आयएनएस चक्र'. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या बाळगणाऱ्या अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन या पाच राष्ट्रांच्या पंगतीत त्या दिवशी भारत पुन्हा जाऊन बसला. यातील 'पुन्हा' हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण याच नावाची पहिली अणुपाणबुडी त्याआधी चोवीस वर्षांपूर्वी याच बंदरात आली होती आणि तीन वर्षांनी परत गेली होती. दुसरी 'चक्र'ही २०२१ च्या जून महिन्यात रशियाकडे परत गेली. दोन्ही नौका भाड्याच्या. मग या दोन आवर्तनांतून देशाच्या हाती नेमके काय उरले? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर या नौकांच्या बांधणीची आणि सेवेची कथा मुळापासून पाहिली पाहिजे.

आधी अणुपाणबुडी म्हणजे काय, हे स्पष्ट व्हायला हवे. साधी पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. त्या बॅटऱ्या भरण्यासाठी डिझेल इंजिन चालवावे लागते आणि इंजिनाला हवा लागते. म्हणून तिला ठरावीक काळाने पृष्ठभागाजवळ येऊन हवा घेण्याची नळी पाण्याबाहेर काढावी लागते. तोच तिचा सर्वांत दुबळा क्षण. शत्रूचे रडार आणि टेहळणी विमान त्याच क्षणाची वाट पाहत असतात. शिवाय पूर्ण वेगाने निघाली, तर तिची बॅटरी काही तासांतच संपते. दिवसचे दिवस बुडून राहायचे असेल, तर तिला मुंगीच्या पावलांनी चालावे लागते.

अणुपाणबुडीला हे बंधन नाही. तिच्या पोटातील अणुभट्टीत युरेनियमच्या विखंडनातून उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरते. या साऱ्या प्रक्रियेला हवेची गरज नाही. समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी आणि त्या पाण्याच्या विघटनातून श्वासासाठी प्राणवायू, हे दोन्ही आतच तयार होते. इंधन वर्षानुवर्षे पुरते. मर्यादा एकच, ती म्हणजे शिधा आणि माणसाची सहनशक्ती. २५ नॉट वेगाने जाणारी अशी नौका चोवीस तासांत ६०० सागरी मैल, म्हणजे ११०० किलोमीटरहून अधिक अंतर कापते. आणि तेही सतत पाण्याखाली राहून. साधी पाणबुडी दबा धरून बसते, अणुपाणबुडी पाठलाग करते. हाच दोहोंमधला मूलभूत फरक.

अणुपाणबुड्यांचेही दोन मुख्य प्रकार आहेत. एक अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रे घेऊन महासागरात अज्ञात स्थळी दडून राहणारी. 'आमच्यावर अणुहल्ला केलात, तर प्रत्युत्तर निश्चित मिळेल', हे शत्रूच्या मनावर ठसवणे हे तिचे काम. 'आयएनएस अरिहंत' ही या प्रकारातली. दुसरी हल्लेखोर पाणबुडी. शत्रूच्या युद्धनौका आणि पाणबुड्या शोधणे, त्यांच्या मागावर राहणे आणि वेळ आल्यास पाणतीर वा क्षेपणास्त्राने त्यांचा नाश करणे हे तिचे काम. २०१२ ची 'चक्र' या दुसऱ्या प्रकारातली होती.

समुद्राखालच्या या युद्धाचे महत्त्व भारताला १९७१ साली फार कठोरपणे कळले. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने 'आयएनएस खुकरी' बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक नौकेबरोबर गेले. एक साधी डिझेल पाणबुडी काय करू शकते, हे त्या रात्री दिसले. त्याच महिन्यात अमेरिकेने 'एंटरप्राइज' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. दूरच्या महासागरातून चालून येणाऱ्या महासत्तेच्या आरमाराला रोखून धरील असे साधन भारतापाशी नव्हते. ते साधन कोणते, याचा विचार नौदलाच्या आणि अणुशास्त्रज्ञांच्या वर्तुळात त्यानंतर अधिक गांभीर्याने होऊ लागला.

परंतु जहाजात बसेल एवढी आटोपशीर अणुभट्टी बनवणे ही सोपी गोष्ट नव्हे. जमिनीवरील अणुवीज केंद्राला जागेची वानवा नसते, तेथे जमीन डोलत नाही आणि क्षणात वेग वाढवा वा कमी करा, असा आदेशही येत नाही. पाणबुडीतील अणुभट्टीला हे सारे सोसावे लागते. तेही तिच्यापासून काही मीटरवर माणसे झोपत असताना. हे तंत्र कोणताही देश दुसऱ्याला सहजी देत नाही. सोव्हिएत संघाने मात्र ऐंशीच्या दशकात एक अभूतपूर्व गोष्ट मान्य केली. आपली एक अणुपाणबुडी भारताला काही वर्षांसाठी भाड्याने द्यायची. जगाच्या इतिहासात तोवर असे कधी घडले नव्हते.

ती पाणबुडी म्हणजे 'के-४३'. व्होल्गा नदीकाठच्या गोर्की शहरात, म्हणजे आजच्या निझनी नोवगोरोदमध्ये, क्रास्नोये सोर्मोवो गोदीत ती बांधली गेली आणि १९६७ साली सोव्हिएत नौदलात दाखल झाली. एक अणुभट्टी, आठ क्षेपणास्त्रे आणि पाणतीर अशी तिची रचना. पाण्याखालूनच डागता येणारी जहाजविरोधी क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या जगातील पहिल्या वर्गातील ही नौका. भारतीय अधिकारी आणि नौसैनिक रशियन भाषेपासून अणुभट्टीच्या संचालनापर्यंतचे शिक्षण घेण्यासाठी सोव्हिएत संघात गेले आणि दीर्घ काळ तेथे राहिले. जानेवारी १९८८ मध्ये 'के-४३' ची 'आयएनएस चक्र' झाली. कॅप्टन आर. एन. गणेश तिचे प्रमुख होते. ३ फेब्रुवारी १९८८ रोजी ती विशाखापट्टणमला पोहोचली, तेव्हा तिच्या स्वागताला पंतप्रधान राजीव गांधी स्वतः उपस्थित होते.

तीन वर्षांच्या त्या काळात तिने सुमारे ७२,००० सागरी मैलांचा प्रवास केला. रशियन नोंदींनुसार तिची अणुभट्टी ४३० दिवस कार्यरत होती आणि तिच्यावरून ५ क्षेपणास्त्रे व ४२ पाणतीर डागण्याचे सराव झाले. अण्वस्त्रे तिच्यावर नव्हती, सोव्हिएत तज्ज्ञ मात्र होते. जानेवारी १९९१ मध्ये मुदत संपली आणि 'चक्र' परत गेली. मुदतवाढ मिळाली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघ हे राष्ट्रच जगाच्या नकाशावरून नाहीसे झाले.

येथून पुढच्या एकवीस वर्षांचा काळ हा या कथेतील सर्वांत बोधप्रद भाग आहे. १९९१ ते २०१२ या काळात भारतीय नौदलात एकही अणुपाणबुडी सेवेत नव्हती. १९८८ साली जो तरुण अधिकारी तिशीत होता, तो २०१२ साली एकतर निवृत्त झालेला किंवा वरिष्ठ पदावर कार्यालयात बसलेला. पुस्तकातली विद्या ग्रंथालयात टिकते, परंतु हातातली विद्या हात थांबले की विरते. अणुभट्टीच्या आवाजातील सूक्ष्म फरक कानाने ओळखणे, खोल पाण्यात नौकेचा तोल सांभाळणे, आठवडेच्या आठवडे सूर्य न पाहता मन शांत ठेवणे, ही विद्या एका पिढीने दुसरीला प्रत्यक्ष नौकेवरच द्यावी लागते. गुरू आहे, शिष्य आहे, पण आखाडाच नाही, अशी ती अवस्था होती.

असेच दुसरे उदाहरण मुंबईत घडले. माझगाव गोदीने जर्मन साहाय्याने 'शल्की' आणि 'शंकुल' या दोन पाणबुड्या बांधल्या. त्या अनुक्रमे १९९२ आणि १९९४ मध्ये नौदलात आल्या. खरेदीतील दलालीच्या आरोपांच्या वावटळीत पुढचे काम थांबले. पाणबुडीचे पोलाद जोडणारे कसबी हात पांगले. पुढे फ्रेंच आरेखनाच्या पाणबुड्यांचे काम आले, तेव्हा बरेचसे नव्याने शिकावे लागले. त्या मालिकेतील पहिली 'कलवरी' डिसेंबर २०१७ मध्ये सेवेत आली. म्हणजे 'शंकुल' नंतर तब्बल तेवीस वर्षांनी मुंबईत बांधलेली पाणबुडी नौदलाला मिळाली. खंड पडला की किंमत मोजावी लागते. ती पैशात मोजता येते त्याहून फार मोठी असते.

आता दुसऱ्या 'चक्र'च्या जन्मकथेकडे वळू. रशियाच्या अतिपूर्वेला, आमूर नदीच्या काठी कोमसोमोल्स्क नावाचे शहर आहे. तेथील गोदीत १९९३ साली 'नेर्पा' या हल्लेखोर पाणबुडीची पायाभरणी झाली. नेर्पा म्हणजे बैकल सरोवरातला सील. पाश्चात्त्य राष्ट्रे 'अकुला' या नावाने ओळखतात, त्या वर्गातील ही नौका. या वर्गाची पहिली पाणबुडीही याच गोदीत १९८४ साली पूर्ण झाली होती. त्याआधीच्या सोव्हिएत पाणबुड्या वेगवान असत, पण फार आवाज करीत. पाण्याखाली आवाज म्हणजे मृत्यू, कारण तेथे डोळ्यांनी नव्हे तर कानांनी लढावे लागते. 'अकुला' वर्गात यंत्रे आणि नौकेचा सांगाडा यांच्यामध्ये कंपने शोषणारी रचना केली आणि बाहेरून रबरी आवरण चढवले. या नव्या पाणबुड्या पाश्चात्त्यांना ऐकू येईनात, तेव्हा तेथील नौदलांत खळबळ उडाली.

परंतु 'नेर्पा'ची पायाभरणी झाली ती अत्यंत वाईट काळात. सोव्हिएत संघ कोसळलेला, तिजोरी रिकामी, कामगारांचे पगार थकलेले. अर्धवट बांधलेली ती नौका गोदीत वर्षानुवर्षे पडून राहिली. जानेवारी २००४ मध्ये, अटलबिहारी वाजपेयी यांच्या पंतप्रधानपदाच्या काळात, 'गोर्श्कोव्ह' या विमानवाहू नौकेचा करार झाला. तिलाच पुढे 'विक्रमादित्य' हे नाव मिळाले. त्याच सुमारास 'नेर्पा' पूर्ण करून भारताला दहा वर्षांसाठी भाड्याने देण्याचे ठरले. भारताचा पैसा आला आणि थंडावलेल्या गोदीत पुन्हा ठिणग्या उडू लागल्या. २००६ मध्ये जलावतरण झाले. पाण्याखाली सुमारे १२,००० टनांहून अधिक जलविस्थापन, १९० मेगावॉट औष्णिक क्षमतेची अणुभट्टी आणि सुमारे ३० नॉट वेग असे तिचे सामर्थ्य होते.

आणि मग ८ नोव्हेंबर २००८ ची रात्र आली. जपानच्या समुद्रात 'नेर्पा'च्या चाचण्या चालू होत्या. नौकेवर २०८ माणसे होती. एरवी अशा नौकेवर याहून फार कमी माणसे असतात, परंतु चाचणीसाठी गोदीचे कामगार आणि तंत्रज्ञ मोठ्या संख्येने आले होते. अचानक अग्निशमन यंत्रणा कार्यान्वित झाली. आग लागलेली नव्हती. बंद कप्प्यांत वायू भरला. आग विझवणारा हा वायू हवेतला प्राणवायू हटवतो. त्यातच या वायूत भलतेच विषारी रसायन मिसळलेले असल्याचे पुढे तपासात निष्पन्न झाले. वीस माणसे गुदमरून गेली, त्यांतली सतरा गोदीची नागरी माणसे होती आणि तीन नौसैनिक. अनेक जण जखमी झाले. श्वसनयंत्रे वापरण्याचा सराव नागरी कामगारांना नौसैनिकांइतका नव्हता. अणुभट्टीला धक्का लागला नाही, नौका स्वतःच्या बळावर बंदरात परतली. पुढे एका नौसैनिकावर आणि नौकेच्या कप्तानावर खटला चालला. ज्यूरीने दोघांनाही निर्दोष ठरवले.

ही वीस माणसे भारताची नव्हती. पण ती ज्या नौकेवर गेली, ती नौका भारतासाठी सिद्ध होत होती, हे विसरता येणार नाही. 'चक्र'चा गौरव करताना आमूरकाठच्या त्या गोदीकामगारांचे स्मरण करणे हे कृतज्ञ माणसाचे कर्तव्यच ठरते. या दुर्घटनेतला धडाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. पाणबुडीत शत्रू फक्त बाहेर नसतो. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीवर स्फोट होऊन अठरा नौसैनिकांचे प्राण गेले, तेव्हा हे महाराष्ट्राने अगदी जवळून पाहिले. शिस्त, काटेकोर तपासणी आणि सुट्या भागापासून रसायनापर्यंत प्रत्येक वस्तूची शुद्धता, हे पाणबुडीतील सैनिकाचे पहिले कवच. ते विरले, तर पोलादाचे कवच निरुपयोगी ठरते.

दुरुस्त्या आणि फेरचाचण्या झाल्या. डिसेंबर २००९ मध्ये 'नेर्पा' रशियन नौदलात दाखल झाली आणि २३ जानेवारी २०१२ रोजी बोल्शोई कामेन येथे भारताच्या स्वाधीन झाली. भारतीय पथकाने रशियात प्रदीर्घ प्रशिक्षण घेतले होते. कॅप्टन पी. अशोकन यांच्या नेतृत्वाखाली ती हजारो मैलांचा प्रवास करून भारतात आली. भाड्यापोटी ९० कोटी डॉलरच्या घरात रक्कम गेल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. एवढे पैसे देऊन जी नौका दहा वर्षांनी परत करायची, जिच्यावर अण्वस्त्रे ठेवता येत नाहीत, ती कशासाठी? त्या पैशात स्वतःचे काही उभे राहिले नसते का? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु वेळापत्रकाकडे पाहिले की उत्तर मिळते. 'अरिहंत'चे जलावतरण २६ जुलै २००९ रोजी झाले. तिची अणुभट्टी १० ऑगस्ट २०१३ रोजी प्रज्वलित झाली आणि २०१६ मध्ये ती सेवेत आली. म्हणजे ज्या काळात स्वदेशी नौकेसाठी प्रशिक्षित माणसे हवी होती, नेमक्या त्याच काळात 'चक्र' विशाखापट्टणमच्या समुद्रात होती. 'अरिहंत'ची पहिली गस्त यशस्वी झाल्याची घोषणा ५ नोव्हेंबर २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केली. अणुपाणबुडीवर राहण्याचा अनुभव असलेली माणसे नसती, तर ती गस्त इतक्या लवकर घडली नसती.

पहिल्या 'चक्र'चे ऋण तर याहून स्पष्ट आहे. तिचे प्रमुख कॅप्टन गणेश पुढे व्हाइस अ‍ॅडमिरल झाले आणि स्वदेशी अणुपाणबुडी प्रकल्पाची धुरा त्यांच्याकडे आली. भाड्याच्या नौकेवर मिळवलेले ज्ञान स्वतःच्या नौकेच्या बांधणीत उतरले, याचे यापेक्षा बोलके उदाहरण दुसरे कोणते? या बांधणीत महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने 'अरिहंत'च्या अणुभट्टीचे आरेखन केले. डॉ. अनिल काकोडकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी दीर्घकाळ परिश्रम घेतले. वालचंदनगरच्या कारखान्यात तिची काही यंत्रसामग्री घडली. प्रसिद्धीपासून दूर राहून केलेल्या या कामाची नोंद फार कमी जणांना आहे.

सेवेच्या काळात 'चक्र'च्या वाट्याला अडचणीही आल्या. २०१७ मध्ये तिच्या सोनारच्या आवरणाचे दोन भाग निखळले. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुनील लांबा यांनी हे जाहीरपणे सांगितले. दुरुस्ती झाली. जून २०२१ मध्ये भाड्याची मुदत पूर्ण होण्याच्या काही महिने आधीच ती रशियाच्या दिशेने निघाली. सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून जाताना लोकांनी तिची छायाचित्रे टिपली. पाण्याखाली अदृश्य राहण्यासाठी जन्मलेली नौका निरोपाच्या वेळी मात्र सर्वांना दिसली.

आणि आज? तिची जागा घेण्यासाठी मार्च २०१९ मध्ये रशियाशी तिसऱ्या पाणबुडीचा, ३०० कोटी डॉलरहून अधिक किमतीचा करार झाला. २०२५ पर्यंत ती मिळायची होती, परंतु ठरलेल्या वेळेत ती आली नाही. म्हणजे हल्लेखोर अणुपाणबुडीच्या बाबतीत १९९१ नंतरचाच खंड पुन्हा पडला. दरम्यान समुद्र कोणाची वाट पाहत थांबलेला नाही. चीनची 'शांग' वर्गाची अणुपाणबुडी २०१३ च्या डिसेंबरमध्येच हिंदी महासागरात येऊन गेली. परक्याची नौका परक्याच्या गोदीच्या वेगाने येते, आपल्या गरजेच्या वेगाने नव्हे. भाडेपट्ट्याची खरी मर्यादा हीच आहे.

म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मधील निर्णयाचे मोल अधिक. दोन हल्लेखोर अणुपाणबुड्या देशातच बांधण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने त्या महिन्यात मंजुरी दिली. त्याच वर्षी २९ ऑगस्टला 'अरिहंत'ची भगिनी 'अरिघात' सेवेत आली होती. परंतु दडून बसणारी नौका बांधता आली, म्हणजे पाठलाग करणारी आपोआप बांधता येते असे नाही. 'अरिहंत'ची अणुभट्टी ८३ मेगावॉटची, 'चक्र'ची १९० मेगावॉटची. वेगासाठी शक्ती हवी, शक्ती वाढली की यंत्रे वाढतात, यंत्रे वाढली की आवाज वाढतो आणि तो आवाज पुन्हा दाबावा लागतो. हे काम वर्षांचे नव्हे, दशकांचे आहे.

या कथेत राजीव गांधींच्या काळातील पहिली नौका आहे, वाजपेयींच्या काळातील समझोता आहे, मनमोहन सिंग सरकारच्या काळातील हस्तांतरण आहे आणि मोदींच्या काळातील स्वदेशी मंजुरी आहे. सरकारे बदलली, पक्ष बदलले, परंतु दिशा बदलली नाही, ही लोकशाही भारताची जमेची बाजू. उणी बाजू एवढीच की दिशा कायम असूनही चाल मात्र वारंवार थांबली. 'चक्र' हे नाव विष्णूच्या सुदर्शनाची आठवण देणारे. ते चक्र सोडले की लक्ष्य साधून परत हाती येते, अशी श्रद्धा आहे. भाड्याचे चक्र मात्र ज्याचे त्याच्या हाती परत गेले. आपल्याजवळ राहिली ती ते फिरवण्याची विद्या. ती विद्या आज शेकडो अधिकारी, नौसैनिक, अभियंते आणि कारागीर यांच्या हातांत जिवंत आहे. त्यांपैकी अनेक जण येत्या दहा-पंधरा वर्षांत निवृत्त होतील. त्याआधी स्वतःची नौका पाण्यात उतरणे, हीच या दोन आवर्तनांची खरी फलश्रुती ठरेल.